गावातूनच घडणारे नेतृत्व : चेन्नईच्या प्रयोगातून विस्तारकार्यासाठी धडे

कृषिविस्ताराच्या कामात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. प्रकल्पाची मुदत संपते, अधिकाऱ्यांची बदली होते, निधी थांबतो. त्यानंतर गावात ते काम पुढे नेणारे कोण उरते? तंत्रज्ञान चांगले असूनही ते दोन-तीन हंगामांत मागे पडल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आढळतात. त्यांच्या मुळाशी बहुधा तंत्रज्ञानाचा दोष नसतो, तर ते आपलेसे करून इतरांना शिकविणाऱ्या स्थानिक माणसांचा अभाव असतो. अशी माणसे प्रशिक्षणातून घडविता येतात काय, आणि येत असल्यास ते प्रशिक्षण कसे असावे, याचा विचार प्रस्तुत पाठात चेन्नई येथील एका दीर्घ प्रयोगाच्या आधारे केला आहे.

प्रयोगाची पार्श्वभूमी

डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना १९८७ मध्ये पहिला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराच्या रकमेतून १९८८ मध्ये चेन्नई येथे त्यांच्या नावाच्या संशोधन प्रतिष्ठानाची स्थापना झाली. तरमणी भागातील या संस्थेने पीकसंशोधनाबरोबरच ग्रामीण समाजात ज्ञान कसे पोहोचते आणि कसे टिकते, हाही संशोधनाचा विषय मानला.

१९९८ मध्ये संस्थेने पुदुच्चेरी परिसरात ग्रामीण ज्ञानकेंद्रांचा प्रकल्प सुरू केला. विल्लियनूर येथे मध्यवर्ती केंद्र आणि त्याला जोडलेली गावकेंद्रे अशी रचना होती. दूरध्वनीची सोय अपुरी असल्याने बिनतारी यंत्रणेचा आणि विजेच्या तुटवड्यामुळे सौरऊर्जेचा आधार घेण्यात आला. बाजारभाव, शासकीय योजना, दवाखाने, बसच्या वेळा, पीक व पशुधनाविषयीचा सल्ला अशी माहिती तमिळ भाषेत उपलब्ध करून देण्यात आली. वीरामपट्टिणम या मासेमारी गावात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज ध्वनिक्षेपकावरून ऐकविला जाई. २००१ मध्ये या प्रकल्पाला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. त्यातील यंत्रसामग्री आज जुनी झाली आहे; परंतु ती चालविणारी माणसे कशी निवडली गेली, हा भाग आजही अभ्यासण्याजोगा आहे.

निवड : नेतृत्वविकासाची पहिली पायरी

ज्ञानकेंद्र कोणत्याही गावावर लादले गेले नाही. गावाने मागणी करावी, सर्वांना प्रवेश असलेली सार्वजनिक जागा विनामूल्य द्यावी आणि केंद्र चालविण्यासाठी आपल्यातून स्वयंसेवक सुचवावेत, अशी अपेक्षा होती. दलित कुटुंबांसह प्रत्येकाला तेथे मोकळेपणाने येता आले पाहिजे, ही अट महत्त्वाची होती. खासगी घराच्या ओसरीवर चालणारे केंद्र कागदोपत्री सर्वांचे असले, तरी प्रत्यक्षात कोणाचे पाय उंबरठ्याशी थबकतात, हे आपल्याकडील गावेही जाणतात. एंबलम येथे गावाने मंदिराच्या आवारातील जागा दिली व तेथील केंद्र स्त्रियांनी चालविले. अल्पशिक्षित स्त्रिया संगणक हाताळू लागल्या आणि गावकरी माहितीसाठी त्यांच्याकडे येऊ लागले. नेतृत्वाचे स्थान त्यांना पदाने मिळाले नाही, ते उपयुक्ततेने मिळाले.

यातून दिसते की निवडीची पद्धत हाच प्रशिक्षणाचा पहिला धडा असतो. आपल्याकडे प्रशिक्षणार्थींची यादी पुष्कळदा दूरध्वनीवरून, एका दिवसात आणि ओळखीच्या चार नावांवरून तयार होते. परिणामी तीच माणसे प्रत्येक प्रशिक्षणाला हजर राहतात. त्यांच्याजवळ प्रमाणपत्रे साठतात. गावाजवळ मात्र ज्ञान साठत नाही.

नल्लवाडूचा धडा

प्रशिक्षित स्थानिक व्यवस्थेचे मोल २६ डिसेंबर २००४ रोजी दिसून आले. त्या सकाळी पुदुच्चेरीजवळील नल्लवाडू या किनारी गावात सिंगापूरहून एका गावकऱ्याचा दूरध्वनी आला. दूरचित्रवाणीवरील त्सुनामीची बातमी पाहून त्याने घरच्यांना सावध केले होते. ही सूचना ज्ञानकेंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून तातडीने साऱ्या गावाला देण्यात आली आणि लोक किनाऱ्यापासून दूर गेले. लाटांनी घरे आणि होड्या उद्ध्वस्त केल्या. परंतु साडेतीन हजारांहून अधिक वस्तीच्या त्या गावात जीवितहानी झाली नाही.

या घटनेचे श्रेय केवळ ध्वनिक्षेपकाला देता येणार नाही. त्यावरून येणाऱ्या सूचनेवर विश्वास ठेवण्याची सवय गावाला आधीच लागलेली होती. रोजच्या लाटांच्या अंदाजातून आणि बाजारभावांतून तो विश्वास वाढत गेला होता. शिवाय घोषणा करण्यासाठी वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. म्हणजेच स्थानिक नेतृत्वाला अधिकार आणि विश्वासार्हता ही दोन्ही संकटापूर्वीच मिळालेली असावी लागतात. संकटाच्या दिवशी ती वाटता येत नाहीत. गारपीट, बोंडअळीचा उद्रेक किंवा लम्पीसारखा पशुरोग यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते.

ग्रामीण फेलो : शिकणाऱ्याला शिक्षकाचा मान

ज्ञानकेंद्रांच्या अनुभवावर आधारित पुढचे पाऊल २००३ मध्ये टाकले गेले. टाटा न्यासाच्या साहाय्याने ग्रामीण समृद्धीसाठी ‘जमशेटजी टाटा राष्ट्रीय आभासी अकादमी’ स्थापन झाली. विज्ञान अकादम्या ज्याप्रमाणे शास्त्रज्ञांना ‘फेलो’ म्हणून निवडतात, त्याप्रमाणे गावात ज्ञान पसरविणाऱ्या स्त्री-पुरुषांना येथे फेलो म्हणून मान देण्यात येऊ लागला. त्यासाठी पदवीची अट नव्हती. स्वतःच्या कामात नैपुण्य आणि ते इतरांना देण्याची तयारी हे निकष महत्त्वाचे मानले गेले.

यामागचा विचार असा, की शेतकरी शेतकऱ्याचे अधिक ऐकतो. सारखीच जमीन, सारखाच पाऊस आणि सारखेच कर्ज असलेल्या माणसाने केलेला प्रयोग शेजाऱ्याला पटतो. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने कुशल शेतकऱ्यांच्या शेतावरच ‘शेतीशाळा’ भरविण्याचा आग्रह धरला आणि २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणातही तिला स्थान मिळाले. ‘आत्मा’ योजनेतील शेतीशाळा व शेतकरी मित्र या संकल्पना आपल्या परिचयाच्या आहेतच. शेतीशाळा म्हणजे केवळ शेतावर भरणारी बैठक नव्हे. तेथे शिक्षकाची भूमिका शेतकऱ्याकडे जाते आणि अधिकारी साहाय्यक होतो, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

विदर्भ : नावावर जमीन नसलेले नेतृत्व

चेन्नईच्या या संस्थेचा महाराष्ट्राशीही निकटचा संबंध आहे. विदर्भातील वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत तिने महिला शेतकऱ्यांसोबत काम केले. शेतकरी आत्महत्येनंतर शेती सांभाळणाऱ्या स्त्रियांचाही त्यांत समावेश होता. पेरणी, निंदणी, वेचणी ही कामे स्त्रीची. पण सातबाऱ्यावर नाव नसल्याने पीककर्ज, विमा आणि प्रशिक्षणाची यादी या तिन्ही ठिकाणी ती अदृश्य राहते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. केंद्राच्या २०१०-११ च्या अर्थसंकल्पात महिला किसान सशक्तीकरण परियोजनेसाठी १०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. डॉ. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांविषयीचे खासगी विधेयकही मांडले. ते संमत मात्र झाले नाही.

येथे नेतृत्वप्रशिक्षणाची एक मर्यादा स्पष्ट होते. प्रशिक्षणाने आत्मविश्वास आणि कौशल्य येते. परंतु जमिनीची नोंद, बँकेतील पत आणि ग्रामसभेतील आवाज यांवाचून ते कौशल्य अपुरे पडते. म्हणून महिला नेतृत्वाच्या प्रशिक्षणात सातबाऱ्यावरील वारसनोंद, सहहिस्सेदार म्हणून नाव लावण्याची प्रक्रिया आणि तलाठी कार्यालयातील अर्ज हे विषय पीकसंरक्षणाइतकेच आवश्यक मानावेत.

महाराष्ट्रातील अलीकडचा अनुभवही बोलका आहे. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झालेल्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावाने निवडलेल्या स्त्री-पुरुषांना निवासी प्रशिक्षण देण्यात आले. प्रशिक्षण एका व्यक्तीला न देता गावाच्या गटाला दिल्यामुळे परतल्यावर कोणी एकटे पडले नाही. गटाने शिकणे ही नेतृत्व टिकण्याची महत्त्वाची अट आहे.

एका हंगामाचा आराखडा

वरील अनुभवांवरून विस्तार कार्यकर्त्यांना खरीप हंगामासाठी पुढीलप्रमाणे कार्यक्रम आखता येईल.

१. एप्रिल – निवड : ग्रामसभेत किंवा वस्तीनिहाय बैठकींत नावे मागवावीत. प्रत्येक गावातून पाच जणांचा गट घ्यावा. त्यांत किमान दोन स्त्रिया आणि एक अल्पभूधारक असावा. ‘पिकाविषयी अडचण आल्यास तुम्ही कोणाला विचारता?’ हा प्रश्न वीस घरी विचारल्यास खरे मार्गदर्शक आपोआप समोर येतात.

२. मे – निवासी प्रशिक्षण : तीन-चार दिवसांत पीकतंत्राबरोबर बैठक चालविणे, नोंदी ठेवणे आणि मतभेद हाताळणे यांचा सराव द्यावा. व्याख्यानांना निम्म्याहून कमी वेळ असावा.

३. जून – पहिले प्रात्यक्षिक : सोयाबीनची उगवणक्षमता चाचणी हा उत्तम प्रारंभ होय. १०० बिया ओल्या गोणपाटात ठेवून उगवलेल्या मोजाव्यात. ७० वा अधिक उगवल्यास शिफारशीप्रमाणे बियाणे वापरावे. ही चाचणी प्रशिक्षित गटाने स्वतः दहा घरी करून दाखवावी. पैसा लागत नाही आणि निष्कर्ष आठवड्याभरात सर्वांना दिसतो. नव्या मार्गदर्शकावर विश्वास बसण्यास एवढे पुरेसे असते.

४. जुलै ते ऑक्टोबर – निरीक्षण : कपाशीत कामगंध सापळे लावून पतंगांची नोंद ठेवावी. सलग तीन दिवस प्रतिसापळा प्रतिदिन ८ पतंग आढळल्यास गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. ही नोंद गावाच्या फलकावर लिहिण्याची जबाबदारी गटातील सदस्यांनी आळीपाळीने घ्यावी.

५. नोव्हेंबर – हिशेब : खर्च, उत्पन्न आणि फसलेले प्रयोग यांचे निवेदन गटाने ग्रामसभेत स्वतः करावे. अधिकाऱ्यांनी श्रोत्यांत बसावे.

दक्षता

तीन धोके विशेष लक्षात घ्यावेत. पहिला, प्रशिक्षित व्यक्ती निविष्ठा विक्रेत्याची प्रतिनिधी बनण्याचा. तिचा सल्ला विक्रीशी जोडला गेला की विश्वास संपतो. म्हणून असे हितसंबंध गावापुढे उघड असावेत. दुसरा, विनामोबदला कामाच्या ओझ्याचा. विशेषतः स्त्रियांवर घर, शेत आणि स्वयंसेवा असा तिहेरी भार पडतो; प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई अंदाजपत्रकात आरंभीच धरावी. तिसरा, नेतृत्व एकाच व्यक्तीत साचण्याचा. प्रत्येक सदस्याने हंगामात किमान एका नव्या व्यक्तीला आपले काम शिकवावे, असा दंडक ठेवावा.

मूल्यमापन

उपस्थितीपत्रक आणि छायाचित्रे ही नेतृत्वविकासाची मापे नव्हेत. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत. अधिकारी नसताना गटाची बैठक झाली काय? फलकावरील नोंद अखंड राहिली काय? गावातील सर्वांत शेवटच्या वस्तीपर्यंत सूचना किती वेळात पोहोचली? गटातील एखादी व्यक्ती वर्षभर बाहेरगावी गेल्यास तिचे काम कोण करील? या प्रश्नांची उत्तरे दोन हंगाम समाधानकारक मिळाली, तर प्रशिक्षण रुजले असे मानण्यास हरकत नाही.

डॉ. स्वामिनाथन यांचे २८ सप्टेंबर २०२३ रोजी निधन झाले. हरितक्रांतीच्या संदर्भात त्यांचे नाव बियाण्यांशी जोडले जाते. चेन्नईतील त्यांच्या संस्थेचे काम मात्र हेही दाखविते, की बियाणे शेतात पोहोचविण्याइतकेच ते जाणून घेणारी, तपासणारी आणि शेजाऱ्याला समजावून सांगणारी माणसे गावात तयार होणे मोलाचे आहे. येत्या खरिपापूर्वी प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने निदान एका गावात असा गट उभा करण्याचा प्रयत्न करावा आणि प्रगतिशील शेतकऱ्यांनी आपल्या शेताचा एक कोपरा त्यांच्या शाळेसाठी मोकळा ठेवावा.