मोटारीची बॅटरी आणि योग्य चार्जरची निवड

मोटारीच्या पुढील झाकणाखाली बसलेली बॅटरी काम करीत असते, तोवर तिची विचारपूस कोणी करीत नाही. परंतु गाडी काही आठवडे एकाच जागी उभी राहिली, की एखाद्या सकाळी किल्ली फिरविताच इंजिन नुसते कण्हते आणि थांबते. अशा वेळी मिळेल तो चार्जर आणून जोडण्याची घाई पुष्कळजण करतात. त्या घाईने हजारो रुपयांची बॅटरी कायमची निकामी होऊ शकते. प्रसंगी डोळ्यांवरही बेतते. म्हणून चार्जर कसा निवडावा, यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे. त्यास लागणारे गणित व रसायनशास्त्र आपल्या शालेय अभ्यासाच्या आवाक्यातलेच आहे.

शिसे व गंधकाम्ल यांवर चालणारा, पुन:पुन्हा भरता येणारा विद्युत्घट गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केला. मोटार सुरू करणारी नेहमीची बॅटरी आजही त्याच तत्त्वावर चालते. तिच्यात सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटात शिशाच्या ऋण पट्ट्या, शिशाच्या डायऑक्साइडच्या धन पट्ट्या आणि त्यांना भिजविणारे पातळ गंधकाम्ल असते. वीज खर्च होऊ लागली, की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल अधिक पातळ होते. उलट दिशेने प्रवाह सोडला, की सल्फेटचे पुन्हा शिसे व डायऑक्साइड बनते आणि आम्ल पूर्ववत् तीव्र होते. हेच बॅटरीचे चार्जिंग. सल्फेट फार दिवस तसेच राहिले, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात व ते सहजासहजी मोडत नाहीत. यास्तव उतरलेली बॅटरी तशीच ठेवून देणे हे तिच्या आयुष्यावर घाव घालण्यासारखे होय.

आता चार्जरकडे वळू. पहिला प्रश्न विद्युत्दाबाचा. पूर्ण भरलेल्या एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. सहा घटांचा मिळून १२.६ व्होल्ट झाला. उंच टाकीत पाणी चढवावयाचे, तर पंपाचा दाब टाकीतील पाण्याच्या दाबाहून अधिक हवा. तसेच येथेही आहे. एका घटास सुमारे २.४ व्होल्ट दिले, म्हणजे सहा घटांस १४.४ व्होल्ट होतात. सर्वसाधारण बॅटरी भरण्यास एवढा दाब योग्य. याहून पुष्कळ कमी दाबाने ती अर्धपोटी राहते. पुष्कळ जास्त दिल्यास आम्लातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू वेगाने बाहेर पडतात, पाणी आटते आणि पट्ट्या झिजतात. उष्णतेत हा अपाय अधिक होतो. म्हणून चांगले चार्जर तापमान वाढताच दाब किंचित उतरवितात. ग्वाल्हेरच्या ज्येष्ठातील दुपारी किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात ही सोय चैनीची नसून गरजेची आहे. काही जुन्या दुचाकींची बॅटरी ६ व्होल्टांची असते, तर मालमोटारींत बहुधा २४ व्होल्टांची योजना असते. म्हणून चार्जरवरील व्होल्टचा आकडा बॅटरीशी जुळतो की नाही, हे प्रथम पाहावे.

दुसरा प्रश्न प्रवाहाचा. बॅटरीच्या अंगावर तिची धारणशक्ती अँपियर-तासांत छापलेली असते. त्या आकड्याच्या एकदशांशाइतका अँपियर प्रवाह, हा सुरक्षित व सोपा नियम होय. लहान मोटारीच्या ३५ किंवा ४० अँपियर-तासांच्या बॅटरीस ४ अँपियरचा चार्जर शोभतो. ७० अँपियर-तासांच्या बॅटरीस ७ अँपियरचा. घरातील इन्व्हर्टरच्या १५० अँपियर-तासांच्या बॅटरीसाठी १५ अँपियरचा चार्जर याच नियमाने योग्य ठरतो. परंतु तोच लहान मोटारीच्या बॅटरीस जोडला, तर ती तापेल. उलट फारच लहान चार्जर घेतल्यास काम होते, पण दिवस मोडतो.

एक उदाहरण सोडवून पाहू. ४० अँपियर-तासांची बॅटरी निम्मी उतरली आहे. तिला २० अँपियर-तास परत द्यावयाचे आहेत. ४ अँपियरने २० ला भागले, की ५ तास येतात. परंतु दिलेली सर्व वीज साठत नाही, आणि अखेरीस प्रवाह आपोआप मंदावतो. म्हणून प्रत्यक्षात ७ ते ८ तास धरावे. रात्री जोडलेली बॅटरी सकाळपर्यंत भरते ती अशी.

तिसरा प्रश्न चार्जरच्या स्वभावाचा. साधा चार्जर घरातील २३० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह कमी दाबाचा व एकदिश करून देतो. बॅटरी भरली तरी तो थांबत नाही, त्याला राखण लागते. स्वयंनियंत्रित चार्जर प्रथम ठराविक प्रवाह देतो, दाब १४.४ च्या आसपास पोचला की तो तेथेच स्थिर ठेवून प्रवाह उतरू देतो, आणि शेवटी सुमारे १३.५ व्होल्टांवर बॅटरीची नुसती निगराणी करतो. ज्या घरी गाडी सुटीत दीर्घकाळ उभी राहते, त्यांनी हाच घ्यावा. ज्या बॅटरीवर ए. जी. एम. अशी अक्षरे आहेत, तिचे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. तिच्यातील आटलेले पाणी परत भरता येत नाही. तिच्यासाठी चार्जरवर वेगळी कळ असावी. लिथियमच्या बॅटरीस तर तिच्याकरिताच बनविलेला चार्जर हवा.

जोडणीचा क्रम पाठच करावा. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत शेकडा ४ इतका मिसळला, तरी एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून जागा मोकळ्या हवेची असावी, जवळ विस्तव नसावा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे. भिंतीवरील बटण बंद ठेवून प्रथम लाल चिमटा धन अग्रास लावावा. मग काळा चिमटा बॅटरीपासून दूर, मोटारीच्या उघड्या धातूच्या भागास लावावा. शेवटी बटण सुरू करावे. काढताना याच्या नेमके उलट करावे. ठिणगी पडलीच, तर ती वायूपासून दूर पडावी, हे या क्रमामागील मर्म आहे. गाडीच्या पुस्तिकेत निराळी जागा दाखविली असल्यास तीच प्रमाण मानावी.

चार्जिंग संपल्यावर काही तास थांबून व्होल्टमापकाने दाब पाहावा. १२.६ च्या आसपास असल्यास बॅटरी भरली, १२.२ म्हणजे ती निम्मीच आहे. पूर्ण भरलेली बॅटरी दोन दिवसांत पुन्हा उतरली, तर दोष बॅटरीत तरी असतो किंवा गाडीत कोठेतरी वीज गळत असते. अधिक मोठा चार्जर हा त्यावरील उपाय नव्हे. बॅटरीवरील व्होल्ट, अँपियर-तास व जात या तीन गोष्टी वहीत टिपून घेऊन जो ग्राहक दुकानात जातो, त्याची फसगत सहसा होत नाही.