दुपारची झोप आणि पाळणाघरातील बालक

दुपारची जेवणे आटोपली की पाळणाघरात दिवसातील सर्वांत अवघड वेळ सुरू होते. दहा-पंधरा मुलांपैकी निम्मी मुले चटईवर अंग टाकताच निजतात, दोन-चार कुशी बदलत राहतात आणि एखादे मूल मात्र दाराशी जाऊन उभे राहते. सेविका त्याला उचलून आणते, थोपटते, प्रसंगी दटावते. ते रडू लागते आणि त्याच्या रडण्याने निजलेली चार मुले उठतात. बाहेरून पाहणाऱ्यास हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु केंद्र शासनाच्या २०२२ पासूनच्या 'पाळणा' योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास सांभाळणे अभिप्रेत आहे. इतका वेळ मूल केंद्रात राहणार असेल, तर त्याला नीट निजविणे हे जेवू घालण्याइतकेच केंद्राचे काम ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप आवश्यक असते. दुपारची झोप या हिशेबातच धरलेली आहे. साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास मुलाच्या दिवसातील दोन झोपांची एकच झोप होते आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान बहुतेक मुले तीही सोडून देतात. या मधल्या काळातच कुरबूर अधिक असते. कारण मुलाला झोपेची गरज तर असते, पण त्याच वेळी 'मी नाही' म्हणण्याची शक्तीही त्याला नुकतीच लाभलेली असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फार दमलेले मूल पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते उलट अधिक चेकाळते, धावते, हसता हसता रडते, हातातील वस्तू भिरकावते. 'याला झोप आलेलीच नाही' असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. वस्तुतः झोपेची वेळ टळून गेलेली असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बाबतीत हे प्रकर्षाने जाणवते. फडावर जाण्यासाठी आईबाप पहाटेच्या अंधारात उठतात, त्यांच्याबरोबर मूलही उठते. चार वाजता जागे झालेल्या दोन वर्षांच्या मुलास दुपारी एकपर्यंत ताटकळत ठेवणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. त्याला दहा-साडेदहालाच कोपऱ्यात गोधडी घालून द्यावी, मग वेळापत्रकात काहीही लिहिलेले असो. मूल सकाळी किती वाजता उठले, हे आणून सोडणाऱ्या आईला रोज विचारले तरी अर्धे काम होते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. या वयात आई दृष्टीआड झाली की ती परत येईलच अशी मुलाची खात्री नसते. आपल्याकडे मुलाला खेळात गुंतवून आईने हळूच निघून जाण्याची पद्धत सर्रास आहे. त्या क्षणी रडे टळते खरे, पण डोळा चुकविला की माणसे नाहीशी होतात, हा धडा मूल शिकते. असे मूल दुपारी डोळे मिटण्यास का भिते, हे निराळे सांगावयास नको. आईने निरोप घेऊनच जावे आणि 'दूध प्यायल्यावर मी येते' अशी मुलाला समजेल ती वेळ सांगावी. काही दिवस सकाळी रडे वाढेल, ते सोसावे. आईच्या जुन्या लुगड्याची घडी किंवा घरची वाकळ मुलाबरोबर द्यावी. तिला असलेला ओळखीचा वास मोठा आधार देतो.

निजविण्याची रीत साधी असावी, पण तिचा क्रम रोज तोच असावा. जेवण, हातपाय धुणे, लघवीस नेऊन आणणे, पडदे ओढणे, आपापल्या ठरलेल्या जागी अंथरूण आणि एखादी संथ अंगाई. पहिल्या आठवड्यात सेविकेने नाठाळ मुलाच्या अगदी जवळ बसून थोपटावे, पुढे नुसता हात ठेवावा, नंतर हातभर दूर बसावे. बागुलबुवाचा किंवा पोलिसाचा धाक दाखवू नये. त्या धाकाने मूल गप्प पडते, निजत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर त्याला चित्रांचे पुस्तक किंवा कापडी बाहुली देऊन पडून राहू द्यावे. झोप हुकमाने येत नाही. साडेतीनच्या सुमारास मात्र सर्वांना हळूहळू उठवावे, एरवी रात्री मूल जागत बसते आणि दिवसभर राबलेल्या आईची झोप जाते.

एका गोष्टीविषयी निःसंदिग्धपणे लिहिणे भाग आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामास जाणाऱ्या स्त्रिया १९२० च्या सुमारास तान्ह्या मुलांना अफूच्या गोळ्या देत, अशी नोंद त्या काळच्या चौकशीत आढळते. त्या मातांना दोष देणे सोपे आहे, पण मूल ठेवावयास त्यांना दुसरी जागा नव्हती. अफू गेली, तरी 'शांत निजावे' म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध चमचाभर पाजण्याचा मोह आजही होतो. यांपैकी काही औषधांनी गुंगी येते आणि लहान मुलाच्या श्वासावर तिचा परिणाम होऊ शकतो. दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे लिहून देऊ नयेत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य यंत्रणेने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेली आहे. सकाळी आणतानाच मूल पेंगुळलेले, हाक मारली तरी जेमतेम डोळे उघडणारे दिसले, तर काय पाजले हे न रागावता विचारावे आणि त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

ग्रामपंचायतीकडे या कामाचा जो वाटा येतो तो पैशाचा कमी आणि शेजारधर्माचा अधिक आहे. स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचे असतातच. त्यांतून जाड पडदे, चटया आणि तापणाऱ्या पत्र्याखाली तट्ट्यांचे छत होऊ शकते. पिठाची गिरणी भिंतीला लागून असेल, तर एक ते तीन ती बंद ठेवण्याविषयी मालकाशी बोलता येते. देवळावरील कर्ण्याचे तोंड फिरविण्यास काहीच खर्च येत नाही.

भेटीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे आणि त्यांत प्रस्तुत लेखक आलाच. एका पाळणाघरात आमची जीप दुपारी पावणेदोनला पोचली. पाहुणे आले म्हणून सेविकेने सर्व मुलांना उठविले आणि अर्धवट झोपेतील त्या मुलांनी आम्हांस हात जोडून गाणे म्हणून दाखविले. छायाचित्रही निघाले. पुढच्या खेपेस आम्ही वेळेआधी पोचलो, तेव्हा दार लोटून घेतले आणि साडेतीन वाजेपर्यंत बाहेरच्या ओट्यावर बसून राहिलो.