३ टेस्ला एमआरआय: रुग्ण पाठवण्याआधी

प्रश्न: आमगाव तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो. सिकलसेलचे रुग्ण नेहमी येतात. त्यांना नागपूरला ३ टेस्लावरच पाठवावं का? यावरच्या सीएमईत मी काय शिकावं?

उत्तर: डॉक्टर, खुब्याचा रक्तपुरवठा तुटल्याचं निदान एक्स-रेच्या कितीतरी आधी एमआरआयवर होतं, आणि त्याला १.५ टेस्ला पुरतो. तेवढ्यासाठी तपासणी लांबवू नका. ३ टेस्लाचा सिग्नल तत्त्वतः दुप्पट. त्याचा खरा उपयोग मेंदूतले बारीक, लक्षणं न दाखवणारे इन्फार्क्ट किंवा अपस्माराचं मूळ शोधताना.

पण क्षेत्र दुप्पट झालं की शरीरात मुरणारी रेडिओलहरींची ऊर्जा साधारण चौपट होते. १.५ वर चालणारा पेसमेकर ३ वर चालेलच असं नाही. म्हणून इम्प्लांटचं कार्ड चिठ्ठीला जोडाच. कॉन्ट्रास्ट लागणार असेल तर क्रिएटिनिनही. सिकलसेलमध्ये किडनी अनेकदा दुखावलेली असते.

सीएमईत आधी हेच शिका. मेडिकल कौन्सिलचे ५ वर्षांतले ३० क्रेडिट व्याख्यानं ऐकूनही भरतात, पण गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या रेडिओलॉजिस्टसोबत आपल्याच रुग्णांच्या फिल्म घेऊन बसा.