रोमावली : लक्षणाकडून कर्तव्याकडे

संस्कृत काव्याच्या अध्यापनात ‘रोमराजी’ अथवा ‘रोमावली’ हा शब्द आला की आजचा विद्यार्थी अडखळतो. स्त्रीच्या उदरावरील, नाभीशी निगडित असलेली केसांची सूक्ष्म रेषा हा त्याचा अर्थ. जी गोष्ट आज लपवण्याची वा नाहीशी करण्याची मानली जाते, तिचे कवींनी शतकानुशतके कौतुक का केले असावे, हा प्रश्न केवळ काव्यसंकेतापुरता मर्यादित नाही. स्त्रीदेहाविषयीच्या अपेक्षा कोण ठरवतो आणि त्यांत स्त्रीच्या आवडीनिवडीला स्थान किती, या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही निवडक ग्रंथांचा विचार केला आहे.

१. काव्यातील रोमावली

‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात कालिदासाने पार्वतीच्या यौवनाचे वर्णन पायांपासून केसांपर्यंत क्रमाने केले आहे. त्यात नवी रोमराजी ही मेखलेतील नीलवर्ण मध्यमण्याच्या प्रभेसारखी शोभते असे म्हटले आहे. वयःसंधीची ती खूण असल्यामुळे तिचे नवेपण महत्त्वाचे ठरते. बाराव्या शतकातील श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरिता’त सातव्या सर्गात नल दमयंतीला पाहतो. तेथील सविस्तर देहवर्णनातही रोमावलीवर कल्पनांची आरास आहे. पुढे या एकाच विषयावर ‘रोमावलीशतक’ रचण्यापर्यंत हा संकेत रूढ झाला.

परंपरेने शंकराचार्यांच्या नावावर असलेली ‘सौंदर्यलहरी’ याहून वेगळी आहे. शिवाच्या क्रोधाग्नीने होरपळलेल्या मदनाने देवीच्या नाभिरूपी सरोवरात उडी घेतली आणि त्यातून जी धूम्ररेषा वर आली तिलाच लोक रोमावली म्हणतात, अशी तेथील कल्पना आहे. येथे पाहणारा प्रियकर नाही. तो देवीला आई म्हणून हाक मारणारा भक्त आहे. उपासनेच्या स्तोत्रात, मातेच्या वर्णनात ही रेषा निःसंकोचपणे येते. तेव्हा तिच्याविषयीचा आजचा संकोच सनातन नाही, एवढे तरी निश्चित म्हणता येईल.

२. शास्त्रातील मोजमाप

मात्र एवढ्यावरून प्राचीन समाज या बाबतीत उदार होता असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ‘मनुस्मृती’च्या तिसऱ्या अध्यायात विवाहास वर्ज्य कन्यांच्या यादीत अंगावर मुळीच केस नसलेली आणि फार केस असलेली, अशा दोघीही आहेत. विरळ केसांची कन्या तेवढी पसंत केली आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील कन्यालक्षणांत पोटऱ्या केसरहित असणे शुभ मानले आहे. उदरावरची एक कृश रेषा सुंदर, पण तेच केस पोटरीवर अशुभ, असा हा हिशेब आहे. कवी आणि स्मृतिकार यांची भाषा वेगळी असली, तरी मोजपट्टी दोघांच्याही हाती आहे. जिचे मोजमाप होते ती स्त्री मौन आहे.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. ‘कामसूत्रा’त ठरावीक दिवसांनी अंगावरचे केस काढण्याचा नियम येतो तो नागरकाच्या, म्हणजे पुरुषाच्या, दिनचर्येत. ‘सुश्रुतसंहिते’त शंखचूर्ण व हरताळ यांचा केस घालवणारा लेप सांगितला आहे, तो व्रणचिकित्सेच्या संदर्भात. केस काढण्याचे तंत्र ज्ञात होते. परंतु वरील ग्रंथांत स्त्रीच्या देहावरील केस हे वाचावयाचे ‘लक्षण’ आहे. ते काढणे हे तिचे नित्यकर्म म्हणून तेथे सांगितलेले नाही.

३. आधुनिक वळण

स्त्रीच्या केसांवरचा समाजाचा अधिकार किती कठोर होऊ शकतो, हे महाराष्ट्राने विधवांच्या केशवपनात पाहिले आहे. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ मधील यमुनेची शोकांतिका त्याचीच साक्ष आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी या रूढीस विरोध केला. डोक्यावरचे केस आणि अंगावरचे केस हे प्रश्न निराळे आहेत, आणि बळजबरीचे वपन व सौंदर्यप्रसाधन यांना एका तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. तथापि ‘तिच्या केसांचे काय करावयाचे हे इतरांनी ठरवावे’ हे गृहीत दोहोंत कमीअधिक प्रमाणात आढळते.

विसाव्या शतकात या गृहीताला बाजाराची जोड मिळाली. अमेरिकेत १९१५ मध्ये जिलेट कंपनीने खास स्त्रियांसाठी वस्तरा विक्रीस आणला. बिनबाह्यांच्या पोशाखाबरोबर काखेतील केस ही जाहिरातींच्या भाषेत ‘अडचण’ ठरली. आपल्याकडेही पुढे केस काढण्याची मलमे, वॅक्सिंग, थ्रेडिंग हे शब्द घरोघरी परिचित झाले. पूर्वीचे लक्षण आता कर्तव्य बनले. लक्षण दैवाधीन मानले जाई. कर्तव्यात कसूर झाली तर दोष मात्र थेट स्त्रीच्या माथी येतो. अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारामुळे ज्या मुलीच्या हनुवटीवर केस येतात, तिला आजाराबरोबर ‘टापटीप नसल्या’चा आरोपही सोसावा लागतो. पाहण्याच्या कार्यक्रमात मनूची जुनी मोजपट्टी नव्या रूपात पुन्हा पुढे येते.

४. समारोप

केस काढणारी प्रत्येक स्त्री दबावाखाली असते आणि न काढणारी प्रत्येक स्त्री मुक्त असते, असे मानणे हीदेखील स्त्रीवर लादलेली नवी अपेक्षाच होय. आवड ही आवड आहे की नाही याची कसोटी निराळी आहे : उलट निवड केली असता काही किंमत मोजावी लागते का? आज ती मोजावी लागते, आणि पुरुषाला ती त्या प्रमाणात मोजावी लागत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम येथेच सुरू होते. रघुनाथपंडितासारख्या मराठी आख्यानकवीने संस्कृत देहवर्णनातील काय उचलले व काय गाळले, संस्कृत काव्यांच्या मराठी अनुवादांत व शालेय आवृत्त्यांत ‘रोमराजी’चे काय झाले, स्त्रियांच्या आत्मचरित्रांत आणि जात्यावरच्या ओव्यांत स्वतःच्या देहाविषयी काय बोलले गेले, या दिशांनी शोध घेता येईल. ‘रोमराजी’चा श्लोक वर्गात घाईघाईने ओलांडण्याऐवजी तेथे थांबावे. नैसर्गिक वाटणाऱ्या अभिरुचीलाही इतिहास असतो, हे विद्यार्थ्यांना त्या एका शब्दावरून दाखवून देता येते.