देणारा की देणेकरी?



मागच्या गणेशोत्सवात मखर उभारायला मी सकाळपासून राबलो. महाप्रसादानंतर भांडी घासायची वेळ आली, तेव्हा मात्र गप्पा मारत बसलो. मनात हिशेब पक्का होता : वर्गणी दिली, कामही केले, आता आपण मोकळे. घरी जाताना मुलीने विचारले, "बाबा, आई आणि मावश्या भांडी घासत होत्या, तू का नाही आलास?" मला उत्तर सुचले नाही.

'मी देणारा, मी चांगला' अशी स्वतःची प्रतिमा एकदा मनात बसली की माणूस तिच्या आधाराने थोडा स्वार्थ खुशाल करून घेतो. मानसशास्त्रात याला 'नैतिक परवाना' म्हणतात.

पुढे सुट्टीत आम्ही कॉर्क परगण्यातील मिडलटनला गेलो. तेथे बागेत स्टीलची नऊ उंच पिसे वाडग्यासारखी गोलाकार उभी आहेत. १८४७ साली, बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंड उपाशी मरत असताना, अमेरिकेतील चॉक्टॉ या मूलनिवासी लोकांनी १७० डॉलर जमवून पाठवले. त्याआधी जेमतेम पंधरा वर्षांपूर्वी त्यांनाच मायभूमीतून हुसकावले होते आणि वाटेत हजारो दगावले होते. हे शिल्प म्हणजे त्या मदतीची आठवण.

२०२० मध्ये कोविडने नावाहो आणि होपी या मूलनिवासींना गाठले, तेव्हा असंख्य आयरिश लोकांनी त्यांच्या मदतनिधीला पैसे पाठवले. अनेकांनी कारण लिहिले ते १८४७ चे! मूळ मदत चॉक्टॉ लोकांची, परतफेड मात्र दुसऱ्यांना. कारण देताना त्यांनी स्वतःला दाते मानले नाही, देणेकरी मानले.

आपल्याकडे माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्मतो असे मानतात. त्यामागचे शहाणपण मला मिडलटनला उमगले. दात्याचा हिशेब लवकर पुरा होतो, देणेकऱ्याचा होत नाही. आम्ही डब्लिनला उतरलो तेव्हा एका अनोळखी मराठी कुटुंबाने आम्हाला चार दिवस जेवू घातले होते. ते कुटुंब आता दुसऱ्या देशात असते. ते ऋण फेडायचे कोणाकडे? जो नवा येईल त्याच्याकडे, आणि मोरीपाशी उभ्या असलेल्या मावश्यांकडेही.

यंदा महाप्रसादानंतर मी भांड्यांपाशी आहे. मुलगी लक्ष ठेवणार आहे. तुम्हीही या!

गणपती बाप्पा मोरया!