केबल घेण्याआधी पोर्ट ओळखा

मराठी-हिंदी अनुवादाचं काम मी घरूनच करते. एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला अनुवाद आणि अधूनमधून उघडावा लागणारा शब्दकोश, एवढं सगळं लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर मावत नाही. म्हणून २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला. कोणता घ्यायचा, किती मोठा घ्यायचा, टेबलावर बसेल का, यावर घरात भरपूर चर्चा झाली. केबलचा विषय मात्र कुणी काढला नाही. पुढे जो मनस्ताप झाला, तो सगळा केबलपायी झाला. तसा तो इतर कुणाला होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

मॉनिटरच्या खोक्यात एचडीएमआय केबल होती, ती जोडली. चित्र लगेच आलं, पण माउसचा बाण अडखळत सरकत होता. पान वरखाली केलं की अक्षरं ओढल्यासारखी दिसायची आणि संध्याकाळपर्यंत डोळे शिणून जायचे. भाच्याने सेटिंग उघडून पाहिलं, तर रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ होता. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला तीसदाच बदलत होतं. साधारणपणे ते साठदा बदलायला हवं, पण ६० चा पर्याय यादीत नव्हताच.

लॅपटॉपला आणि मॉनिटरला दोन्हीकडे टाइप-सी होतं. तेव्हा टाइप-सी केबल लावून पाहू, असं ठरलं. जवाहर चौकाजवळच्या एका दुकानात गेले. म्हटलं, "भैया, लॅपटॉप को मॉनिटर से जोड़ना है, टाइप-सी केबल दीजिए." त्यांनी एक पाकीट पुढे केलं. "ले जाइए मैडम, टाइप-सी सब एक ही होती है." घरी येऊन जोडली. लॅपटॉप चार्ज होऊ लागला, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. दुकानदाराने पाकीट फोडलेलं असल्याचं सांगून केबल परत घेतली नाही. वर सोन्याचा मुलामा असलेली, 'एट-के' असं छापलेली महागडी एचडीएमआय केबल दाखवली. इकडे मॉनिटरच बिघडला असेल, अशा शंकेने आम्ही तंत्रज्ञ बोलावला. त्याने मॉनिटर ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि भेटीचे पैसे घेतले. कामाची तारीख जवळ आलेली असताना हे सगळं चाललं होतं.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. सगळ्या गोंधळाच्या मुळाशी एकच गोष्ट होती. टोकाचा आकार पाहून केबल जोडता येते, पण तिच्यातून काय जाईल हे त्या आकारावरून कळत नाही.

टाइप-सीच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. एकसारख्या दोन डब्यांपैकी एकात साखर आणि दुसऱ्यात मीठ असावं, तसं हे आहे. टाइप-सी हा २०१४ साली ठरलेला फक्त एक आकार आहे. त्यात २४ पिना असतात, पण प्रत्येक केबलमध्ये सगळ्या पिनांना जोडणाऱ्या तारा असतातच असं नाही. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या बहुतेक केबलींमध्ये वीज आणि यूएसबी २.० एवढ्यापुरत्याच तारा असतात. चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्या त्यांत नसतात. त्यामुळे लॅपटॉप चार्ज होतो, पेन ड्राइव्हही चालतो, पण मॉनिटर काळाच राहतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

एचडीएमआयचं दुखणं वेगळं होतं. तिथे केबलचा दोष नव्हता. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. फोर-केवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात. सेकंदाला साठ चित्रं पाठवायची, तर दर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट माहिती जायला हवी. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट आहे आणि तीही सगळी चित्राच्या वाट्याला येत नाही. म्हणून त्या पोर्टमधून फोर-के चित्र ३० हर्ट्झनेच येतं. २०१३ च्या एचडीएमआय २.० ने ही क्षमता १८ गिगाबिटवर नेली, तेव्हा कुठे ६० हर्ट्झ शक्य झालं. २०१७ मध्ये आलेल्या २.१ ची क्षमता ४८ गिगाबिट आहे. पण २.० येऊन वर्षं लोटली तरी कितीतरी लॅपटॉपना १.४ चंच पोर्ट बसवलेलं असायचं. माझ्या लॅपटॉपलाही तेच होतं. दुकानदार दाखवत होता ती महागडी केबल घेतली असती, तरी त्यात काडीचाही फरक पडला नसता.

म्हणून पहिली गोष्ट, केबल बघायच्या आधी लॅपटॉप बघा. मॉडेलचा पूर्ण क्रमांक तळाशी छापलेला असतो. तो घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर पोर्टांची माहिती वाचा. टाइप-सी पोर्टसमोर 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड', 'थंडरबोल्ट ३', 'थंडरबोल्ट ४' किंवा 'यूएसबी४' असं लिहिलेलं असेल, तर त्यातून चित्र मिळतं. नुसतं 'यूएसबी ३.२' लिहिलेलं असेल, तर ते गृहीत धरू नका. पोर्टच्या शेजारी थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह, किंवा डी आणि पी ही अक्षरं गुंफलेलं चिन्ह असेल, तर उत्तम. मात्र काही कंपन्या चिन्ह छापतच नाहीत, तेव्हा माहितीपत्रकच खरं धरा. एकापेक्षा जास्त मॉनिटर जोडायचे असतील, तर लॅपटॉप किती पडदे चालवू शकतो हेही आधीच पाहा. ॲपलचे एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर थेट चालवतात. तिथे केबल बदलून काही साधत नाही.

दुसरी गोष्ट, मॉनिटरची मागची बाजू बघा. एकाच मॉनिटरवरच्या दोन एचडीएमआय पोर्टांची क्षमता कधीकधी वेगळी असते. काही मॉनिटरांच्या स्वतःच्या मेनूमध्ये एचडीएमआय २.० चालू करण्याची सोय असते आणि ती आधी बंद ठेवलेली असते. डिस्प्लेपोर्ट असेल, तर तोही चांगला पर्याय आहे. २०१० च्या डिस्प्लेपोर्ट १.२ पासूनच फोर-के चित्र ६० हर्ट्झने जाऊ शकतं.

मग केबल ठरवणं सोपं होतं. मॉनिटर फुल एचडी असेल, तर उगाच खर्च करू नका. कोणतीही धड 'हाय स्पीड' एचडीएमआय केबल पुरते. मॉनिटर फोर-के असेल आणि दोन्हीकडे एचडीएमआय २.० असेल, तर 'प्रीमियम हाय स्पीड' घ्या. त्याहून वेगवान, गेमिंगचा मॉनिटर असेल तर 'अल्ट्रा हाय स्पीड'. पाकिटावर '२.०' किंवा '२.१' असा आकडा असेल, तर त्याला भुलू नका. एचडीएमआयच्या नियमांनुसार केबलवर आवृत्तीचा क्रमांक छापायचाच नसतो, प्रकाराचं नाव छापायचं असतं. प्रमाणित केबलच्या पाकिटावर मोबाइलने स्कॅन करून पडताळता येईल असं लेबल असतं. दुकानातच ते स्कॅन करून बघा. सोन्याच्या मुलाम्याने टोकं गंजत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. चित्र त्याने सुधारत नाही.

टाइप-सी ते टाइप-सी केबल घेताना 'फुल फीचर्ड', 'थंडरबोल्ट' किंवा '२० गिगाबिट', '४० गिगाबिट' असा स्पष्ट उल्लेख पाहा. '४८० मेगाबिट' किंवा फक्त 'फास्ट चार्जिंग' लिहिलेलं असेल, तर ती केबल मॉनिटरसाठी नाही. याच केबलने लॅपटॉप चार्जही करायचा असेल, तर वॅटही वाचा. साध्या केबलची मर्यादा ६० वॅट असते. त्याहून जास्त विजेसाठी आत ओळख देणारी चिप असलेली १०० किंवा २४० वॅटची केबल लागते.

मॉनिटरला टाइप-सी नसेल, तर लॅपटॉपच्या टाइप-सीतून डिस्प्लेपोर्टला किंवा एचडीएमआयला जाणारी केबल मिळते. एचडीएमआयवाल्या केबलच्या टोकात रूपांतर करणारी चिप असते आणि पुष्कळ स्वस्त केबलींमधली चिप ३० हर्ट्झवरच थांबते. पाकिटावर नुसतं 'फोर-के' पुरेसं नाही, 'फोर-के ६० हर्ट्झ' असं हवं. या केबली बहुधा एकाच दिशेने चालतात, हेही ध्यानात ठेवा. लॅपटॉपच्या टाइप-सीतून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे जाणारी केबल उलटी लावून चालत नाही. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारा साधा ॲडॅप्टर स्वस्तात मिळतो, पण एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टकडे जायचं, तर वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुधा वीजही वेगळी द्यावी लागते.

जुना, वापरलेला मॉनिटर घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. त्याला फक्त निळ्या टोकाचं व्हीजीए असू शकतं. १९८७ साली आयबीएमने आणलेली ही पद्धत ॲनालॉग आहे आणि नव्या लॅपटॉपना ते पोर्ट नसतं. चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घेतला, तर काम भागतं, पण मॉनिटरच्या किमतीत त्याचा खर्च आधीच धरा.

लांबीचाही विचार करा. टेबलावरच्या मॉनिटरला दीड-दोन मीटर पुरते. केबल जितकी लांब, तितका संदेश क्षीण होतो. पडदा क्षणभर काळा होऊन परत येणं, चित्रात ठिणग्यांसारखे ठिपके दिसणं, ही त्याचीच लक्षणं आहेत. ४० गिगाबिटच्या साध्या टाइप-सी केबली बहुधा ८० सेंटिमीटरच्या आसपास असतात. तेव्हा लॅपटॉप मॉनिटरच्या जवळ ठेवायची तयारी हवी.

माझ्या लॅपटॉपच्या टाइप-सीमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड आहे, हे माहितीपत्रकात सापडलं आणि प्रश्न मिटला. ती माहिती आणि लॅपटॉप घेऊन मी एमपी नगरमधल्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने पाकीट उघडून फुल फीचर्ड केबल स्वतःच्या मॉनिटरला जोडून दाखवली. आता त्या एकाच केबलने चित्र येतं, लॅपटॉप चार्ज होतो, आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ आहे.

मॉनिटर बरीच वर्षं टिकतो आणि रोज तासन् तास त्याच्याकडे पाहावं लागतं. केबल त्या मानाने किरकोळ खर्चाची, पण ती चुकीची असली की मॉनिटरवर घातलेले पैसेही वाया जातात. म्हणून कळकळीने सांगते, 'टाइप-सी द्या' किंवा 'एचडीएमआय द्या' एवढंच दुकानात सांगू नका. लॅपटॉप सोबत न्या, फोर-के चित्र ६० हर्ट्झने हवं आहे असं स्पष्ट सांगा, केबल चालली नाही तर परत घेणार का हे आधी विचारा, आणि शक्य असेल तिथे जोडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.