शब्द, पुरावा आणि परकेपण : आसाममधील स्थलांतर-वादाचा एक अभ्यास

बेकायदा स्थलांतराचा प्रश्न हा सामान्यतः राज्यशास्त्राचा किंवा कायद्याचा विषय मानला जातो. सीमा, जमीन, मतदारयाद्या आणि लोकसंख्या यांच्याशी त्याचा संबंध असल्याने ते स्वाभाविकच आहे. तथापि या प्रश्नावरील जाहीर वाद शब्दांनी लढला जातो, आणि कायद्याची अंमलबजावणीही अखेरीस कागदावरील एखाद्या नावाच्या वाचनाशी येऊन ठेपते. या दोन्ही कारणांनी तो भाषा-साहित्याच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो. एखाद्याला परका ठरविण्याची क्रिया भाषेत कशी घडते, कायद्यात कशी घडते, आणि या दोहोंतील अंतर पुसले गेले म्हणजे काय होते, एवढेच प्रस्तुत लेखात आसामच्या आधारे तपासावयाचे आहे.

१

मराठी वृत्तपत्रांत या संदर्भात रूढ झालेला शब्द 'घुसखोर' हा आहे. '-खोर' हा प्रत्यय फारसीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ 'खाणारा'. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर या शब्दांत तो कृतीचे स्वभावात रूपांतर करतो. एकदा भांडलेल्या माणसाला आपण भांडखोर म्हणत नाही. भांडणे ही ज्याची प्रकृती, तो भांडखोर. कायद्याची भाषा याहून निराळी आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने 'बेकायदा स्थलांतरित' या संज्ञेची जी व्याख्या आली, तिच्यात दोन पायऱ्या आहेत. प्रथम ती व्यक्ती परकीय असली पाहिजे. मग तिने वैध कागदपत्रांवाचून प्रवेश केलेला असला पाहिजे, अथवा मुदत संपल्यावरही ती येथे राहिलेली असली पाहिजे. 'घुसखोर' हा शब्द या दोन्ही पायऱ्या एकदम ओलांडतो. जे सिद्ध व्हावयाचे ते तो आधीच गृहीत धरतो.

२

आसामी समाजाची भीती निराधार होती असे मात्र म्हणता येणार नाही. १८३६ मध्ये ब्रिटिशांनी आसामच्या न्यायालयांत बंगाली भाषा लागू केली. आसामीला तिचे स्थान परत मिळण्यास १८७३ साल उजाडावे लागले. पुढे पूर्व बंगालमधून शेतकरी येऊ लागले. पडीक जमीन लागवडीखाली येऊन महसूल वाढावा, ही सरकारचीही इच्छा होती. पण १९३१ च्या जनगणनेच्या अहवालात सी. एस. मुलन या अधिकाऱ्याने त्याच शेतकऱ्यांचे वर्णन आक्रमक सैन्य आणि मुंग्यांच्या झुंडी अशा प्रतिमांनी केले. ज्या राजवटीने दार उघडले, तिच्याच अधिकाऱ्याने आक्रमणाची प्रतिमा पुरवावी, हा विरोधाभास लक्षणीय आहे. शेजारच्या त्रिपुरात १९८१ पर्यंत आदिवासींचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले होते. आपल्या भूमीत आपणच अल्पसंख्य होऊ, या भयाला असे प्रत्यक्ष उदाहरण डोळ्यांसमोर होते.

१९७९ मध्ये मंगलदै मतदारसंघातील पोटनिवडणुकीच्या निमित्ताने मतदारयाद्यांचा प्रश्न पेटला आणि सहा वर्षांचे आंदोलन उभे राहिले. या काळात 'बहिरागत' आणि 'विदेशी' या दोन शब्दांतील फरकाला निर्णायक महत्त्व आले. बहिरागत म्हणजे बाहेरून आलेला. तो दुसऱ्या प्रांतातला भारतीय नागरिकही असू शकतो, आणि देशात कोठेही राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेने दिलेला आहे. विदेशी व्यक्तीला तो हक्क नाही. मुंबईतील 'परप्रांतीय' वादाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाने हा भेद विशेष ध्यानात ठेवावा. शब्दांची अशी सरमिसळ होत असतानाच १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेल्ली परिसरात दीड हजारांहून अधिक माणसे मारली गेली. मृतांत स्त्रिया आणि मुले यांची संख्या मोठी होती.

३

कायद्यातील खरा संघर्ष पुराव्याच्या भाराविषयी होता. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यानुसार आपण परकीय नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करावयाचे असे. १९८३ मध्ये आसामसाठी झालेल्या वेगळ्या कायद्याने हा भार त्याच्यावरून काढला. त्यामुळे परकीयांचा शोध जवळजवळ अशक्य झाला, अशी टीका झाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि भार पुन्हा व्यक्तीवर आला. दरम्यान १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम कराराने २४ मार्च १९७१ ही सीमारेषा ठरविली होती. त्यावर आधारलेले नागरिकत्व कायद्याचे कलम ६ अ सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बहुमताने वैध ठरविले.

हा भार प्रत्यक्षात कसा वाहावा लागतो, हे नागरिक नोंदवहीच्या कामात दिसून आले. अर्जदाराने १९७१ पूर्वीच्या कागदांत पूर्वजाचे नाव दाखवावयाचे आणि त्याच्याशी आपले नाते जोडून द्यावयाचे होते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या यादीत ३,११,२१,००४ नावे आली. १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. वगळले जाणे म्हणजे परकीय ठरणे नव्हे. तो निर्णय न्यायाधिकरणाचा. पण लोकांच्या बोलण्यात हा भेद फारसा उरला नाही.

लहान वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळेत न गेलेल्या स्त्रीजवळ पित्याशी नाते दाखविणारा कागद बहुधा एकच असतो : ग्रामपंचायतीचा दाखला. योग्य पडताळणीनंतर तो ग्राह्य धरावा, हे ठरण्यास सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निर्णय लागला. तीच गोष्ट नावांची. एकच नाव बंगाली, आसामी आणि रोमन लिपींतून फिरताना त्याची रूपे बदलतात. पाठचिकित्सा करणारा अभ्यासक अशा पाठभेदांतून मूळ पाठाकडे जातो. न्यायाधिकरणापुढे मात्र तोच पाठभेद नागरिकत्वावरचा संशय बनू शकतो. अशा किरकोळ फरकांवरून कोणाला परकीय ठरविता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले. ज्याच्या प्रकरणात हे सांगितले गेले, तो त्यापूर्वीच मरण पावला होता.

४

साहित्याने या वादात आपला शब्द शोधला तो २०१६ नंतर. 'मिया' हे उर्दूतील आदरार्थी संबोधन आसामात शिवीसारखे वापरले जात होते. ब्रह्मपुत्रेच्या चर भागातील कवींनी तेच नाव अभिमानाने धारण केले. २०१९ मध्ये यांतील काहींविरुद्ध पोलिसांत तक्रारी झाल्या. हिरेन गोहाईं यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकांनीही प्रमाण आसामीऐवजी बोली वापरण्यावर आक्षेप घेतला. १९५१ च्या जनगणनेत याच समाजातील अनेकांनी आपली मातृभाषा आसामी अशी नोंदविली होती, हे ध्यानात घेतल्यास या आक्षेपामागील वेदना कळते. आणि तसे नोंदवूनही संशय फिटला नाही, ही कवींची वेदनाही कळते.

मराठीला हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कैकाडी समाजातून ते आले, त्याच्यावर वसाहतकालीन कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. '-खोर' प्रत्यय भाषेत जे करतो, तेच त्या कायद्याने कागदावर केले : कृतीचा स्वभाव केला आणि स्वभावाचा वारसा. 'उपरा' या शब्दात मात्र आरोप नाही. ज्याला आपले म्हटले गेले नाही, त्याची ती स्थिती आहे.

सीमा राखण्याचा आणि आपला कायदा अमलात आणण्याचा राज्याचा अधिकार येथे वादात नाही. प्रश्न आहे तो क्रमाचा. निर्णय आधी आणि नाव मागाहून, हा न्यायाचा क्रम आहे. जाहीर वादात तो उलटा होतो. म्हणून या साहित्याचा अनुवाद करणाऱ्यावर एक साधी जबाबदारी येते. बहिरागत, विदेशी, मिया या तिन्ही शब्दांना मराठीत एकाच 'घुसखोर' शब्दाने उतरवू नये. ज्या माणसाचा खटला अद्याप चालू आहे, त्याचा निकाल आपण अनुवादात देता कामा नये.